‘द नेव्हरएंडिंग स्टोरी’ पुन्हा काढावी का? काढावी, पण ड्रॅगनसाठी नको

प्रश्न विचारणाऱ्या ताई पुण्यात जर्मन शिकवतात. 1984 चा ‘द नेव्हरएंडिंग स्टोरी’ त्यांनी लहानपणी व्हिडिओ कॅसेटवर पाहिला होता, पुढे मूळ जर्मन कादंबरीही वाचली. परवा नऊ वर्षांच्या मुलाला कौतुकाने चित्रपट दाखवायला बसल्या, तर ड्रॅगन पडद्यावर आल्याआल्या तो म्हणाला, “आई, हे तर सॉफ्ट टॉय आहे.” आणि या कादंबरीवर नव्याने चित्रपटमालिका काढायची घोषणा 2024 मध्ये झालेली आहे. त्यांचा प्रश्न असा, की अशा लाडक्या चित्रपटाला हात लावावा का? लावलाच तर कशासाठी?

मी मुंबईत बावीस वर्षं व्हीएफएक्समध्ये, म्हणजे चित्रपटांतली दृश्यं संगणकावर घडवण्याच्या धंद्यात आहे. सुरुवात रोटोपासून केली (फ्रेमगणिक माणसाची कड कापून काढायची), पुढे कंपॉझिटिंग (वेगवेगळे थर एका दृश्यात जोडायचे), आता शॉट सुपरवाइझ करतो. बाहेरच्या देशांतल्या मोठमोठ्या चित्रपटांचं पडद्यामागचं कितीतरी काम आपल्याकडे होतं हे आता लपून राहिलेलं नाही. त्यात जुन्या फँटसी चित्रपटांच्या नव्या आवृत्त्याही असतात. त्यामुळे मी तटस्थ आहे असं समजू नका. रीमेक निघाले की आमच्या घरची चूल पेटते. तरीही सांगतो: निघणाऱ्या दहातले आठ रीमेक ज्या कारणासाठी निघतात, ते कारणच चुकीचं असतं. आणि ते कारण तुमच्या मुलाने एका वाक्यात सांगून टाकलं आहे.

“इफेक्ट जुने झालेत.” निर्मात्याच्या खोलीतही हेच वाक्य असतं, फक्त इंग्रजीत आणि स्लाइडवर.

आधी त्या सॉफ्ट टॉयबद्दल बोलू, कारण तो माझा प्रांत आहे.

हा चित्रपट म्युनिकच्या बव्हेरिया स्टुडिओत झाला. दिग्दर्शक वोल्फगांग पीटरसन. याच माणसाने आधी पाणबुडीवरचा ‘दास बोट’ केला होता. इफेक्टची सूत्रं ब्रायन जॉन्सन या इंग्रज तंत्रज्ञाकडे, त्याच्या खात्यावर ‘एलियन’ जमा होता. जर्मनीत तोवर एवढा खर्च कुठल्याच चित्रपटावर झाला नव्हता. म्हणजे हे लोक काही हौशी नव्हते. इंग्रजीत फाल्कोर आणि जर्मनमध्ये फूखुर नावाचा तो ड्रॅगन चाळीसएक फूट लांब होता. आत धातूचा सांगाडा, वर खवले आणि फर, आणि पापणी, ओठ, भुवई हलवायला माणसं लावलेली. तो खरोखर तिथे होता. या शेवटच्या वाक्यात आमच्या धंद्याचं सगळं दुखणं आहे.

फँटाझिया या काल्पनिक जगाला वाचवायला निघालेला मुलगा आत्रेयू त्या ड्रॅगनचा कान खाजवतो तो प्रसंग पुन्हा बघा. मुलाची बोटं फरमध्ये बुडतात, फर दबते, बोटं निघाल्यावर ती सावकाश वर येते. ड्रॅगनच्या डोळ्यातल्या चकाकीत सेटवरचाच दिवा आहे. मुलाची नजर बरोबर त्या डोळ्यावर टेकलेली आहे, कारण समोर डोळा आहे. आज हाच शॉट माझ्याकडे आला तर काय येईल? एक मुलगा हिरव्या कापडाने मढवलेल्या फोमच्या ठोकळ्यावर हात फिरवतोय. मग एक जण त्याच्या हाताचा रोटो करणार, दुसरा फरचं सिम्युलेशन करणार, तिसरा बोटांखालच्या सावल्या रंगवणार. सुपरवायझर म्हणणार, “हात तरंगतोय.” पुन्हा सगळं. आमच्या भाषेत याला कॉन्टॅक्ट म्हणतात. दोन वस्तू एकमेकींना टेकल्या आहेत एवढं पटवून द्यायला आठवडेच्या आठवडे जातात. त्यांना तो कॉन्टॅक्ट फुकटात मिळाला होता.

मी एकदा अशाच एका जुन्या फँटसीच्या नव्या आवृत्तीवर होतो. नाव घेत नाही. जुना प्राणी बाहुल्याचा, आमचा पूर्ण संगणकावरचा. क्लायंटकडून प्रत्येक रिव्ह्यूला एकच शेरा यायचा: वजन वाटत नाही. आम्ही धूळ घातली, पाय टेकताना जमीन किंचित हलवली, श्वासाबरोबर कातडी सरकवली. शेवटी आमच्यातल्या एका ज्युनिअर मुलीने जुन्या चित्रपटाची क्लिप शेजारी लावली. जुना प्राणी अवघडलेला होता, मान वळवताना अडायचा, पण ते अडणं वजनदार होतं. आमचा लोण्यासारखा वळत होता. दुसऱ्या दिवसापासून आम्ही मुद्दाम त्याच्या हालचालीत अडखळ घालायला लागलो. म्हणजे करोडोंच्या यंत्रांवर बसून आम्ही जुन्या यंत्राच्या मर्यादेची नक्कल करत होतो. हसावं की रडावं ते कळेना.

मग 1984 च्या कामात खोट नाही का? आहे ना. फाल्कोर उडतो तेव्हा आत्रेयूच्या कडेने जी काळी-निळी किनार दिसते, ती मॅट लाइन. तेव्हा निळ्या पडद्यासमोर चित्रण करून ऑप्टिकल प्रिंटरवर फिल्मचे थर एकावर एक छापत. प्रत्येक छपाईला ग्रेन, म्हणजे फिल्मवरचे बारीक दाणे, वाढायचा, थर केसाएवढा सरकला तरी किनार दिसायची. उडण्याचे बहुतेक शॉट त्यामुळे आज कच्चे वाटतात आणि तुमचा मुलगा हसला असेल तर तिथे माझी त्याला पूर्ण सूट आहे. पण यावरचा उपाय रीमेक नाही. मूळ निगेटिव्हवरून नीट रिस्टोरेशन केलं तर यातलं बरंच निस्तरता येतं. तेही हात राखून करायला हवं. अतिउत्साही माणूस किनारीबरोबर ग्रेनही पुसतो आणि मग पात्रांचे चेहरे मेणाचे होतात.

एका ठिकाणी मात्र त्यांच्याकडे साधन नव्हतं म्हणून गोष्टच बदलली. कादंबरीत फँटाझियाचं राज्य गिळत चाललेलं जे ‘शून्य’ आहे, ते दिसतच नाही. तिथे अंधार नाही, खड्डा नाही, वादळही नाही. त्या जागेकडे पाहिलं की आपण आंधळे झालो की काय असं वाटतं, एवढंच. चित्रपटात त्याचं काळं घोंगावतं वादळ झालं. त्या काळी असे ढग करायला पाण्याच्या टाकीत रंग सोडायचे आणि ते पसरताना चित्रित करायचं. दिसायला सुंदर, अजूनही भारी वाटतं, पण ते वादळच. वादळ म्हणजे काहीतरी असणं, आणि मुद्दा तर काहीच नसण्याचा होता. दृष्टी असलेल्या प्रेक्षकाला ‘न दिसणं’ कसं दाखवायचं हा प्रश्न मला वीस वर्षं छळतोय. आपल्या डोळ्यात जो आंधळा ठिपका असतो तिथे काळं दिसत नाही. मेंदू आजूबाजूचं ओढून घेऊन भोक बुजवतो. तसं काहीतरी करता येईल का? झाड आहे, झाड आहे, मग झाड नाही आणि ते नाही हेसुद्धा लगेच लक्षात येत नाही. हे आजच्या साधनांनी करून बघण्यासारखं आहे, आणि खर्च फारसा नाही. पण निर्मात्याला ट्रेलरमध्ये दाखवायला वादळच लागणार, हेही मला माहीत आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मी या चित्रपटाच्या रीमेकच्या बाजूचा आहे. आणि कारण एवढंच, की तो अर्धाच आहे.

ताई, तुम्ही कादंबरी वाचली आहे, पण बाकीच्यांसाठी सांगतो. मिखाएल एंडे यांची कादंबरी 1979 ची. 26 प्रकरणं, प्रत्येकाची सुरुवात वर्णमालेतल्या एकेका अक्षराने, ए ते झेड. छपाई दोन रंगांत: पुस्तक वाचणाऱ्या बास्टियन या मुलाचं खरं जग लाल शाईत, फँटाझिया हिरव्यात. (नव्या दिग्दर्शकाला हात जोडून सांगणं आहे, की हे वाचून सगळा चित्रपट लाल-हिरवा ग्रेड करू नका. मोह होणार. आवरा.) दहा-अकरा वर्षांचा बास्टियन पुस्तकाच्या दुकानातून हे पुस्तक उचलून पळतो, शाळेच्या माळ्यावर बसून वाचतो, आणि बालसम्राज्ञीला नवं नाव देऊन फँटाझिया वाचवतो. चित्रपट तिथे आटोपतो. शेवटी बास्टियन ड्रॅगनवर बसून त्याला छळणाऱ्या पोरांच्या मागे लागतो, पोरं कचऱ्याच्या पेटीत. टाळ्या.

कादंबरी तिथे जेमतेम मध्यावर आलेली असते.

दुसऱ्या अर्ध्यात बास्टियन स्वतः फँटाझियात उतरतो. गळ्यात ऑरिन हे पदक. एकमेकांची शेपटी तोंडात धरलेले दोन साप, आणि मागे कोरलेलं: तुला हवं ते कर. जे मागेल ते होतं. पण प्रत्येक इच्छेला त्याच्या खऱ्या जगातली एक आठवण खर्ची पडते, आणि गंमत म्हणजे गेलेली आठवण गेली हेही आठवत नाही. तो देखणा होतो, आणि आपण कधी जाडे आणि फेंगडे होतो हे विसरतो. तो बलवान होतो, शूर होतो, लोक त्याच्या नावाने जयजयकार करतात. हळूहळू त्याला सम्राट व्हावंसं वाटायला लागतं. झायीडे नावाची चेटकीण कानाशी लागते. आत्रेयू त्याला सावध करतो, तर बास्टियन त्याला हाकलतो, पुढे लढाईत त्याच्यावरच तलवार चालवतो. मग तो पोचतो जुन्या सम्राटांच्या नगरीत. तिथे त्याच्याआधी आलेली माणसं भटकत असतात. सगळ्या आठवणी संपल्यामुळे त्यांना काही मागताच येत नाही, आणि परत जाता येत नाही. एक माकड त्यांना सांभाळतं. ती माणसं अक्षरांचे फासे टाकत बसतात: टाकत राहिलं तर कधीतरी आपोआप एखादी गोष्ट तयार होईल म्हणून.

हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा तो नुसता भयंकर वाटला होता. आता मशीनला दोन ओळी लिहून दिल्या की हवं ते चित्र मिळतं, आणि आमच्या स्टुडिओतली पोरं दिवसभर तेच करताना दिसतात, तेव्हा तो प्रसंग वेगळाच अंगावर येतो. असो, विषयांतर.

हे सगळं पीटरसनच्या चित्रपटात नाही. आणि ते नुसतं ‘वेळ नव्हता’ म्हणून राहिलं असं नाही. त्या चित्रपटाने पहिल्याच दृश्यात दुसऱ्या अर्ध्याची वाट बंद करून टाकली आहे. कशी? बास्टियनचं काम करणारा मुलगा बघा. सडपातळ, टपोऱ्या डोळ्यांचा, गोड. कादंबरीतला बास्टियन जाडा, निस्तेज, फेंगडा आहे, खेळात ढ, स्वतःचीच लाज वाटणारा. ज्या मुलाला आरशात बघवत नाही तोच ‘मला देखणा कर’ असं मागेल. तुम्ही आधीच देखणा मुलगा घेतलात तर त्याने मागायचं काय? एका कास्टिंगने पुस्तकाचा अर्धा भाग बाद झाला. मला नेहमी वाटतं, की नव्या चित्रपटाचं खरं धाडस काय ते याच जागी कळेल, ड्रॅगन किती खवल्यांचा आहे यावर नाही.

एंडे स्वतः चित्रपटावर भयानक चिडले होते. सुरुवातीला पटकथेत त्यांचा सहभाग होता, नंतर ती बदलली गेली. ते कोर्टात गेले, हरले, आणि सुरुवातीच्या श्रेयनामावलीतून त्यांचं नाव काढलं गेलं. किच, व्यापार, मखमल आणि प्लास्टिक यांचा अवाढव्य मेलोड्रामा, अशी त्यांनी चित्रपटाची संभावना केली होती. 1995 मध्ये ते गेले, तोवर मत काही बदललं नाही. मला हे मत थोडं कठोर वाटतं. लेखक आपल्या पुस्तकाचा चित्रपट बघताना काय बघत असतो? जे नाही तेच त्याला दिसतं.

आणि चित्रपटाने पुस्तकापेक्षा चांगलं केलेलंही आहे, हे कबूल करायला हवं. दुःखाच्या दलदलीत आर्टॅक्स हा घोडा बुडतो तो प्रसंग. पुस्तकात हा घोडा बोलतो. मला आता पुढे यायची इच्छाच उरली नाही, तू जा, माझा शेवट पाहू नकोस, असं समजावून सांगतो. वाचताना ठीक वाटतं. चित्रपटात घोडा मुका आहे. आत्रेयू लगाम ओढतोय, ओरडतोय, आणि तो नुसता उभा आहे, चिखल चढतोय. चाळीस वर्षांपूर्वी ज्यांनी लहानपणी हे पाहिलं ते अजून विसरलेले नाहीत. घोड्याचा आवाज काढून टाकणं, हा कुठल्याही इफेक्टपेक्षा मोठा निर्णय होता. नव्या लोकांनी मूळ पुस्तकाशी प्रामाणिक राहायचं म्हणून घोड्याला पुन्हा बोलतं केलं, तर माझी अर्धी सहानुभूती तिथेच संपेल.

“पण दुसरा भाग निघाला होता की!” असं कुणीतरी म्हणेलच. निघाला होता, 1990 मध्ये. त्यात झायीडे आहे, इच्छा आहेत, आठवणी जाणंही आहे. फरक बारीक आहे, पण त्यातच घोडं पेंड खातं. तिथे आठवणी चोरायला चेटकिणीने एक यंत्र बनवून घेतलेलं आहे. बास्टियन मागतो, यंत्रातून आठवणीची एक गोळी बाहेर पडते. म्हणजे तो फसवला गेला, बिचारा. कादंबरीत त्याला कुणी फसवलेलं नाही, तो स्वतःच मागत सुटतो. मुलांना दाखवायची गोष्ट म्हणून निर्मात्यांना ते फार कडू वाटलं असावं. 1994 च्या तिसऱ्या भागाबद्दल न बोललेलं बरं.

तर माझी कसोटी एवढीच आहे, की मूळ चित्रपटात काही राहून गेलं आहे का. तंत्र राहून गेलं असेल तर तो कमी महत्त्वाचा भाग. गोष्टीतलं राहिलं आहे का ते बघा. ‘द प्रिन्सेस ब्राइड’ घ्या, 1987 चा. कादंबरी विल्यम गोल्डमन यांची, पटकथाही त्यांचीच. काय ठेवायचं, काय टाकायचं हे लिहिणाऱ्यानेच ठरवलं. 2019 मध्ये त्याच्या रीमेकची नुसती कुजबुज झाली तर नायक कॅरी एल्वेस यांनीच जाहीर नापसंती दाखवली आणि लोकही त्यांच्या बाजूने उभे राहिले. बरोबरच होतं. तिथे करायला काही शिल्लकच नाही. आपल्याकडचं बघायचं तर ‘तुंबाड’. 2018 मध्ये आला तेव्हा थिएटरमध्ये थोड्या लोकांनी पाहिला. नंतर घरोघरी पोचला, आणि 2024 च्या सप्टेंबरात पुन्हा लागला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई करून गेला. त्या चित्रपटातला पाऊस खरा आहे, त्यासाठी पथक एकामागून एक पावसाळे थांबलं होतं. अशा चित्रपटाला फक्त मोठा पडदा परत द्यायचा असतो.

आणखी एक जोडी सांगतो, कारण दोन्ही टोकं एकाच दिग्दर्शकाच्या हातून झाली. लुई लेतेरिए. 2010 मध्ये त्याने 1981 च्या ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’चा रीमेक केला. जुना चित्रपट रे हॅरीहाउसेन यांचा, बाहुल्या एकेक फ्रेम हलवून केलेल्या राक्षसांचा. नव्यात बहुतेक सगळं संगणकावर, आणि चित्रण उरकल्यावर स्टुडिओने ठरवलं की हा थ्रीडीत आणायचा. काही आठवड्यांत रूपांतर केलं गेलं, ते काम मुंबईच्या एका कंपनीने घेतलं होतं. आमच्या धंद्यातल्या लोकांना तो काळ आठवतो. झोप न झालेले डोळे आठवतात. प्रेक्षकांना पुठ्ठ्याचे चेहरे आठवतात, दोष मात्र वेळेचा होता. जुन्या चित्रपटातलं यांत्रिक घुबड नव्यात क्षणभर दिसतं. नायक ते हातात घेतो, हे काय म्हणून विचारतो, आणि त्याला ते तिथेच ठेवून द्यायला सांगतात. मूळ चित्रपटाबद्दल त्या रीमेकला काय वाटत होतं, ते तेवढ्या शॉटमध्ये आलं.

त्याच लेतेरिएने 2019 मध्ये ‘द डार्क क्रिस्टल: एज ऑफ रेझिस्टन्स’ ही मालिका केली. जिम हेन्सन आणि फ्रँक ओझ यांच्या 1982 च्या बाहुल्यांच्या चित्रपटाची ही पूर्वकथा, दहा भागांची. इथे त्याने बाहुल्या बाहुल्याच ठेवल्या. संगणक कशाला वापरला? बाहुली नाचवणारी माणसं आणि दांडे पुसायला, दूरचे डोंगर आणि आकाश वाढवायला. आमच्यासारख्यांनी पडद्यामागचे हमाल व्हायचं आणि नाव बाहुलीचं व्हायचं. मला तर हेच योग्य वाटतं. पूर्वकथा असल्यामुळे जुन्या चित्रपटाच्या केसालाही धक्का लागला नाही. तिला टीव्हीचा एमी पुरस्कार मिळाला आणि पहिल्याच सीझननंतर मालिका बंद झाली. म्हणजे नीट केलं तर चालतंच असं आश्वासन मी देत नाही.

आता नव्या घोषणेबद्दल. 2009 च्या सुमाराला हॉलिवुडमध्ये रीमेकच्या चर्चा झाल्या होत्या, त्या विरल्या. या वेळी मात्र एंडेंच्या साहित्याचे हक्क सांभाळणारी मिखाएल एंडे प्रॉडक्शन्स आणि ‘द किंग्ज स्पीच’ काढणारी सी-सॉ फिल्म्स एकत्र आलेत, आणि घोषणा एका चित्रपटाची नाही, मालिकेची आहे. मला यात आशेला जागा दिसते ती अनेकवचनात. एकाच चित्रपटात सगळं कोंबायचं ठरलं तर पुन्हा ड्रॅगनवर बसून टाळ्या घेण्यापाशीच गाडी थांबणार. दोन किंवा तीन चित्रपट असतील तर पहिला संपताना आपल्याला बास्टियन आवडलेला असेल आणि दुसऱ्यात तो नकोसा होत जाईल. मुलांच्या चित्रपटात नायक नकोसा होऊ देणं, याला पैसे लावणाऱ्याचं काळीज लागतं.

माझं चाललं तर मी तीन गोष्टी मागेन. पहिली बास्टियनची, ती वर सांगितली. दुसरी ग्मोर्कची. हा लांडग्यासारखा प्राणी आत्रेयूला शून्याचं रहस्य सांगतो. चित्रपटात तो म्हणतो की ज्यांच्या आशा संपल्या त्यांच्यावर ताबा मिळवणं सोपं असतं. बरं आहे. पण पुस्तकात तो जे सांगतो ते याहून भेदक आहे: फँटाझियातले जे जीव शून्यात पडतात ते माणसांच्या जगात येऊन खोटेपणा होतात, भ्रम होतात, आणि त्यांच्या जोरावर माणसांकडून काहीही करून घेता येतं. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी जे येऊन पडतं ते पाहता, हे 1979 मध्ये लिहिलंय यावर विश्वास बसत नाही. यासाठी एकही इफेक्ट लागत नाही. एक गुहा, एक आवाज, आणि ऐकणारा मुलगा.

तिसरी गोष्ट ड्रॅगनची, कारण तुमच्या मुलाचं उत्तर द्यायचं राहिलंय. पुस्तकातला फूखुर कुत्र्यासारखा नाहीच. तो लांब, सडसडीत, मोत्याच्या रंगाचे खवले, सिंहासारखी आयाळ, माणकासारखे डोळे, आणि आवाज काशाच्या घंटेसारखा. तो पंखांशिवाय हवेत पोहतो. नवा चित्रपट तसा ड्रॅगन करू शकतो आणि पूर्ण संगणकावर केला तरी माझी हरकत नाही, कारण एवढा लवचीक जीव बाहुल्यात बसणार नाही. पण मुलगा त्याच्यावर बसतो, त्याला बिलगतो, तेवढ्या शॉटसाठी खरं डोकं आणि खरी मान बनवा. बाकी आम्ही जोडू. आम्हाला अर्धं खरं द्या, उरलेलं अर्धं आम्ही खरं करून देतो. काहीच खरं दिलं नाही तर आमच्याकडे फक्त ओव्हरटाइम असतो.

गाण्याबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो. ‘नेव्हरएंडिंग स्टोऽऽरी’ हे लिमाल या गायकाचं चित्रपटातलं गाणं जर्मन आवृत्तीत नाहीच. तिथे सगळं संगीत क्लाउस डोल्डिंगर यांचं आहे. संगीतकार जॉर्जिओ मोरोडर यांचं ते गाणं बाहेरच्या आवृत्तीसाठी घातलं, आणि ती आवृत्ती 102 वरून 94 मिनिटांवर कापली. तुम्ही कॅसेटवर बहुधा तीच पाहिली. 2019 मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेमध्ये दोन मुलांनी हे गाणं म्हटलं आणि जन्माच्या आधीचा चित्रपट शोधत नवी पोरं आली. तुम्ही जर्मन शिकवता, तर एकदा वर्गात लांब आवृत्ती लावा. हेच दृश्य त्या गाण्याशिवाय किती एकाकी वाटतं ते मुलांना ऐकू येईल. (आत्रेयू हे नाव पहिल्यांदा ऐकल्यावर मला आत्रेय गोत्र आठवलं होतं. योगायोगच असणार, पण वर्गात हशा पिकायला उपयोगी आहे.)

मुलाला मात्र पुन्हा दाखवायची घाई करू नका. आधी रोज रात्री एक प्रकरण वाचून दाखवा, 26 रात्री पुरे होतील, आणि फूखुर कसा दिसतो ते त्याला काढायला सांगा. मग चित्रपट लावा. तेव्हा तो ‘सॉफ्ट टॉय’ म्हणणार नाही, ‘चुकीचा काढलाय’ म्हणेल. ही तक्रार जास्त चांगली.

आणि दलदलीच्या प्रसंगानंतर तो एक प्रश्न नक्की विचारेल, त्याचं उत्तर आधीच देऊन ठेवतो: नाही, घोडा मेला नव्हता. ती अफवा वर्षानुवर्षं फिरते आहे. त्याला हळूहळू खाली उतरणाऱ्या फळीवर उभं केलं होतं, आणि चिखल चढत असताना शांत उभं राहायला आधी शिकवलं होतं. घोड्याला खरी सवय आहे ती पोहत बाहेर येण्याची, त्यामुळे सगळ्यात कष्टाचं काम तेच झालं असणार.